माथेसच्या तळघरातले पिंप

मित्रांनो, मी एक जुने पिंप आहे. ओकच्या लाकडाचे, जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या एका तळघरातले. पिंप म्हटल्यावर तुम्हाला पाण्याचे पिंप आठवेल. मी मात्र रीसलिंग वाइनचे आहे, त्यामुळे जरा तोऱ्यात बोललो तर सांभाळून घ्या. आता तोराही फारसा उरलेला नाही.

जाळावर माझ्या फळ्या वाकवल्या, त्यांवर लोखंडी कड्या ठोकल्या आणि माथेसने मला घरी आणले. नदीवरच्या उभ्या, दगडांनी भरलेल्या उतारावर त्याचा द्राक्षमळा होता. बकरीनेही विचार करून पाऊल टाकावे असा उतार! तिथली द्राक्षे पाठीवरून उतरवून तो त्यांचा रस माझ्यात भरायचा. वसंतात पहिला पेला चाखला की माझ्या पोटावर थाप मारून म्हणायचा, "शहाणं आहे हो माझं पिंप!" त्या थापेसाठी मी वर्षभर वाट पाहायचो.

वाइन काढून घेतली की तो माझ्यात गंधकाची पट्टी जाळायचा. रिकामा असेन तोवर दर महिन्याला, न चुकता. त्या धुराविना रिकामे पिंप आंबते, आणि लाकडात मुरलेला आंबटपणा कितीही धुतला तरी जात नाही. मोझेलवर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

माथेस वारला. त्याचा मुलगा एवाल्ड द्राक्षे सहकारी संस्थेला विकू लागला. शेजाऱ्यांनी आपापली पिंपे फोडून शेकोटीत घातली, कोणी त्यांत फुलझाडे लावली. एवाल्डने मात्र मला कोणाला हात लावू दिला नाही. "बापाची आठवण आहे," म्हणायचा. मला केवढे बरे वाटायचे! पण तो स्वतः कधी तळघरात उतरला नाही. बापाशिवायची ती जागा त्याला बघवत नसावी. कित्येक वर्षे गंधक जळले नाही, आणि मी अंधारात आतून आंबत गेलो.

मग युडिथ परत आली. एवाल्डची एकुलती एक लेक. आजोबांसारखी रीसलिंग करायची म्हणून तिने फ्रँकफुर्टमधली चांगली नोकरी सोडली होती.

शेजारची ट्रुडल मावशी कुंपणावरून म्हणाली, "एवढी शिकलीस, आणि शेवटी दगडच फोडायला आलीस ना गं?"

"दगड आमचेच आहेत, मावशी!"

युडिथने माझे पुढचे लहान दार उघडून आत डोके घातले आणि ती खोकतच मागे सरली.

"बाबा, गंधक जाळत होतात ना?"

एवाल्डने भिंतीकडे पाहिले. "म्हणजे काय! महिन्याच्या महिन्याला."

मला वाचा असती तर मी बोंब ठोकली असती. युडिथने बापाकडे पाहिले. मग म्हणाली, "मग बंद तळघराचाच वास असेल."

तिने मला सोड्याच्या गरम पाण्याने घासले, पाणी भरून सुकलेल्या फळ्या फुगवल्या. गळती थांबली. शरद ऋतूत मळ्यातला होता नव्हता तेवढा सगळा रस तिने माझ्यात ओतला. तो आत खदखदू लागला तेव्हा, खोटे कशाला सांगू, मलाही वाटले की जमेल.

जमले नाही. वसंतात तिने पेला ओठांना लावला आणि तसाच खाली ठेवला. वाइनचे व्हिनेगर झाले होते. एवाल्डने तो पेला उचलून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि पायरीवर बसला.

"पोरी, मी एकदाही जाळलं नाही गंधक. खाली उतरायचा धीरच व्हायचा नाही."

"मला वास आला होता, बाबा."

"मग भरलंस कशाला?"

"तुम्ही हो म्हणालात ना."

एवाल्ड हमसाहमशी रडला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

उद्या मला फोडणार आहेत. हातोडा शेजारीच ठेवला आहे. माझी तक्रार नाही. मित्रांनो, फेकून दिले नाही म्हणजे जपले, असे समजू नका. ज्याला आठवण म्हणता, त्याच्याकडे अधूनमधून जात जा. जाणे झाले नसेल, तर विचारणाऱ्याला तसे खरे सांगा. एवढेच माझे मागणे.

युडिथने मळा सोडलेला नाही. रोज उतारावर जाते, संध्याकाळी बापाला जेवायला वाढते, हवापाण्याच्या गप्पाही मारते. फक्त आता ती त्याला काही विचारत नाही.