सईला शू झाली का?

हौसेराव जाधवांनी उभं आयुष्य वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात गाड्या खाली करण्यात घालवलं होतं. पंचवीस वर्षं त्यांनी स्वतः गोण्या वाहिल्या आणि पुढची पंधरा वर्षं बारा जणांच्या टोळीचे मुकादम म्हणून त्या वाहून घेतल्या. त्यामुळे बुधवारी सकाळी सून जेव्हा म्हणाली, "आबा, दोन्ही मुलांना एकट्याने सांभाळायला जमेल ना तुम्हाला?" तेव्हा त्यांना हसूच आलं.

"दोघांचं मिळून वजन किती गं?" त्यांनी विचारलं.

"एकतीस किलो," सुनयनाने लगेच सांगितलं. ती रबाळ्याला एका प्रयोगशाळेत पाणी तपासायची आणि तिला आकडा विचारला की आकडाच मिळायचा. "काल मोजलं. सईचं सहाशे ग्रॅम उतरलंय."

"एकतीस किलो म्हंजे एक गोणीबी न्हाय. तू जा निवांत."

सुनयना निवांत जाणाऱ्यांतली नव्हती. सई आणि वरद ही चार वर्षांची जुळी. रविवारी वरदला उलट्या-जुलाब सुरू झाले, सोमवारी सईला. वरद आता सावरला होता, सई अजून मलूल होती. नवरा, उदयसिंह, कंपनीच्या कामाला नागपुरात. सासूबाई कोरेगावला भाचीच्या घरी बारशाला. सुनयनाने दोन दिवस रजा घेतली होती, पण आज प्रयोगशाळेत तपासणीला माणसं यायची होती आणि कागदांवर सही तिची होती.

तिने फ्रिजवर एक कागद लावला आणि तो सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

"हे एक लिटर जलसंजीवनी. यातलं पाणी दर दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा एक चमचा. आणि मुख्य म्हणजे शू. सईला सकाळी सातला झाली, मी बघितली. डॉक्टर म्हणालेत, आठ तास शू झाली नाही तर लगेच घेऊन या, सलाइन लावावं लागेल. म्हणजे तीन वाजेपर्यंत. रडली तर डोळ्यांत पाणी येतंय का तेही बघायचं."

"एक चमचा?" हौसेरावांचं मन तिथेच अडकलं होतं. "आगं, चिमणीला पाजायचंय का?"

"चिमणीला नाही, सईला. एकच चमचा, आबा."

"बरं, बरं. एक चमचा."

साडेआठला सुनयना गेली. पावणेनऊपर्यंत हौसेरावांनी सात चमचे पाजले आणि त्यांचा जीव विटला. बाजारात ते शंभर गोण्यांची गाडी दीड तासात खाली करत. इथे लिटरभर पाणी एका पोरीच्या पोटात उतरवायला या गतीने संध्याकाळ झाली असती. तेवढ्यात सई स्वतःच म्हणाली, "आबा, मला तहान लागलीये."

झालं. तहानलेल्या लेकराला चमचा दाखवणारा आजोबा कुठल्या तोंडाने स्वतःला आजोबा म्हणवणार? त्यांनी स्टीलचा पेला काठोकाठ भरला. सईने तो दोन्ही हातांनी धरून गटागटा संपवला आणि तोंड पुसलं.

"शाब्बास, माझी वाघीण!" हौसेराव म्हणाले.

वाघिणीने चार मिनिटांत सगळं पाणी परत केलं. अर्धं सोफ्यावर आणि अर्धं त्यांच्या बंडीवर.

"आबा," वरद सोफ्याच्या दुसऱ्या टोकावरून म्हणाला, "मम्मी बोलली होती एक चमचा."

"तू गप रं."

सोफा पुसून, बंडी बदलून, दहा मिनिटं घड्याळाकडे बघत बसून त्यांनी पुन्हा चमचा हातात घेतला. आता मात्र त्यांनी ठरवलं, की कामाला शिस्त लावायची. मुकादम असताना टोळीत त्यांनी स्वतःची एक पद्धत घातली होती. गाडीतून गोणी उचलली की उचलणाऱ्याच्या हातात पत्र्याचा एक बिल्ला. दिवस संपला की ज्याच्याकडे जितके बिल्ले, तितक्या त्याच्या गोण्या. मुकादमाला डोकं लावायचं काम नाही, भांडणाला जागा नाही.

घरात बिल्ले नव्हते, पण बाल्कनीत कपडे वाळत घालायचे चिमटे भरपूर होते.

"हे बघा," त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. "शू झाली की आबाला येऊन सांगायचं. आबा एक चिमटा देणार. चिमटा शर्टाला लावायचा. तीन चिमटे झाले की आबा पाठीवर घेऊन घरभर फिरवणार, गोणीवाणी."

"चक्कर किती?" वरदने विचारलं.

"पाच."

"दहा."

"सात. आन् आता बास."

पद्धत बघताबघता रुळली. वरद तर पाणी मागून मागून पिऊ लागला. सई चमच्याला तोंड मिटायची, मग एक चमचा बाहुलीला, एक आबांना आणि एक तिला अशी पाळी लावावी लागायची. यात हौसेरावांच्या पोटात सईपेक्षा जास्त जलसंजीवनी गेली आणि बाथरूमच्या फेऱ्या त्यांच्याच सर्वांत जास्त झाल्या. त्यांना चिमटा कोणी दिला नाही.

मुलांच्या फेऱ्यांना ते सोबत गेले नाहीत. एकदा गेले होते, तर सईने दार लोटून घेतलं. "आबा, बघायचं नाही! शेम शेम." त्यामुळे ते स्वयंपाकघरात खिमट ढवळत राहायचे. बाथरूमकडून "झाली!" असं ओरडणं ऐकू आलं की पुढे आलेल्या हातावर मागे न बघताच चिमटा ठेवायचे. कोण आलं, हे लक्षात ठेवायची गरज काय? चिमटाच सांगणार होता.

अकराला फोन आला.

"आबा, सई?"

हौसेरावांनी मान वळवून सोफ्याकडे बघितलं. सईच्या फ्रॉकला एक हिरवा चिमटा होता. "एक डाव झाली."

"रंग?"

"हिरवा," ते म्हणाले. मग पलीकडे पसरलेल्या शांततेचा अर्थ लागून घाईने म्हणाले, "चिमटा, चिमटा! चिमटा हिरवा हाय. शू मी बघितली न्हाय, पोरगी लाजती."

सुनयनाला चिमट्याचं कोडं उलगडायला दोन मिनिटं लागली. "बरं. पण पुढच्या वेळी रंग बघा," ती म्हणाली. तिचा आवाज हलका झाला होता.

एक वाजता सईच्या फ्रॉकवर दोन चिमटे होते. हौसेरावांनी स्वतःहून फोन करून सांगितलं. "दोन डाव झाली! तुझी ती तपासणी चालू दे. इथं सगळं टाइट हाय." फोन ठेवून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. उदयसिंह लहानपणी आजारी पडायचा तेव्हा ते गाड्या खाली करत असायचे. संध्याकाळी घरी यावं, तोवर ताप उतरलेला असायचा. हे काम एवढं सोपं असताना बायका त्याचा एवढा बाऊ का करतात, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

सव्वादोनला सई त्यांच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली. तिचे ओठ सुकले होते.

"आबा, मला गोणी करा ना."

"दोनच चिमटे हायेत की गं. अजून एक पायजे."

"वरद देत नाहीये."

हौसेराव हसले. "वरद कशाला देईल? शू झाली की आबा देतोय न्हवं?"

"आधीचे दिले. एक मी रिमोट दिला तेव्हा दिला. आणि एक मी बाहुली फेकायला दिली तेव्हा दिला. आता तो बोलतो, खिडकीची जागा पण दे. मी नाही देणार."

हौसेरावांचं हसू ओठांवरच राहिलं. ते वरदकडे वळले. वरदच्या शर्टाला तीन चिमटे होते आणि मांडीवर रिमोट होता.

"वरद, तुला किती डाव शू झाली?"

"पाच," वरद अभिमानाने म्हणाला. "तीन आहेत आणि दोन विकले."

"आन् सई, तुला?"

सईने बराच विचार केला. "सकाळी. मम्मी होती तेव्हा."

पंधरा वर्षांत त्यांच्या टोळीतल्या एकाही गड्याने आपला बिल्ला दुसऱ्याला दिला नव्हता. जीव गेला तरी दिला नसता. चार वर्षांच्या पोरांना घामाची किंमत नसते, हे मुकादमाच्या ध्यानातच आलं नव्हतं. हौसेरावांनी घड्याळ बघितलं. दोन वाजून अठरा मिनिटं. सातपासून सात तास अठरा मिनिटं.

त्यांनी तिच्या फ्रॉकवरचे चिमटे काढून घेतले, तशी सईने भोकाड पसरलं. चेहरा लाल झाला, तोंड वाकडं झालं, आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. हौसेराव खाली वाकून तिच्या डोळ्यांत बघत राहिले. डोळे कोरडे होते.

बेचाळीस मिनिटं होती. या बेचाळीस मिनिटांत चमच्यावर चमचे पाजले आणि शू झाली, तर कुणाला काही कळलं नसतं, हा विचार त्यांच्या मनात आला. तो जेमतेम एका चमच्याइतका टिकला. दुसरा चमचा त्यांनी पाजला तो एका हाताने, दुसऱ्या हाताने सुनयनाला फोन लावत.

"पोरी, माझी मोजणी खोटी निघाली. सईला सकाळपास्नं शू न्हाय. रडती पण पाणी येत न्हाय डोळ्यांतनं. तू ये."

"उलटी?" सुनयनाने विचारलं.

"सकाळी एकदा झाली. मी पेलाभर पाजलं म्हणून. त्यानंतर न्हाय."

"मग चमचा चालू ठेवा. थांबू नका. निघालेच."

ती येईपर्यंत हौसेरावांनी बाहुलीची पाळी बंद केली, आबांची पाळी बंद केली. सईला मांडीवर आडवी घेऊन घड्याळाच्या काट्याकडे बघत ते चमचा भरायचे. "ही पयली गोणी... ही दुसरी... गाडी आडकून पडलीय, हवालदार शिट्टी मारतोय, ही तिसरी..." सईला ही शिट्टी आवडली. शिट्टी वाजवली की तोंड उघडायची. हौसेराव मिशीतून शिट्ट्या मारत राहिले. वरदने रिमोट तिच्या पायाशी आणून ठेवला.

दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी सुनयना दारात आली आणि खाली थांबवलेल्या रिक्षात सगळे बसले. सुनयना कडेला, मध्ये वरद, पलीकडे हौसेराव आणि त्यांच्या मांडीवर सई. सुनयनाच्या हातात बाटली, हौसेरावांच्या हातात चमचा. सेक्टर आठच्या नाक्यावर एक टेम्पो आडवा लागला होता, त्यामुळे रिक्षा थांबली.

"चुकलंच माझं," हौसेराव म्हणाले. "चिमट्यावर भरवसा ठेवला."

"माझंही," सुनयना रस्त्याकडे बघत म्हणाली. "न बघता लिहिलेला आकडा मी कामावर एकाचाही घेत नाही. तुमचा घेतला. एवढा बरा वाटला की पुढे विचारलंच नाही."

हौसेरावांचा चेहरा एकदम बदलला. आधी भुवया वर गेल्या, मग डोळे विस्फारले. ते श्वास रोखून बसले, जणू हलले तर काहीतरी थांबेल.

"आबा? काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"झाली," ते कुजबुजले. मग आरोळी ठोकली, "झाली! आगं, झाली! अजून चाललीय!"

सईने त्यांच्या गळ्याला मिठी मारून तोंड लपवलं. रिक्षावाला गर्रकन मागे वळला. "ओ आबा, सीट नवीन आहे! कालच कव्हर टाकलंय!"

"आरं, आशीर्वाद हाय लेका हा! धुऊन देतो तुला, सगळी रिक्षा धुऊन देतो!"

सुनयनाने आधी घड्याळ बघितलं. "दोन बावन्न." मग ती वरदवरून वाकली. "रंग? आबा, रंग कसा आहे?"

"तूच बघ. लेंगा पांढरा हाय."

एरवी सासऱ्यांसमोर पाय पसरून न बसणारी सुनयना भर नाक्यावर त्यांच्या लेंग्यावर वाकली. तिने नीट निरखून पाहिलं, बोटाने कापड जरा उजेडाकडे ओढलं आणि पुन्हा पाहिलं. बाजूच्या स्कूटरवरच्या बाई मान वाकडी करून बघायला लागल्या.

"गडद आहे," ती म्हणाली. "पण भरपूर आहे. सलाइन बहुतेक नाही लागणार. तरी डॉक्टरांना दाखवूच." एवढं शास्त्रशुद्ध बोलून झाल्यावर तिने लेंग्याचं ते ओलं टोक मुठीत तसंच धरून ठेवलं, आणि तिचेच डोळे भरून आले.

"ही बघ, हिला पाणी येतंय," हौसेराव सईला म्हणाले.

टेम्पो हलला. रिक्षावाल्याने सुस्कारा टाकून गिअर टाकला. तेवढ्यात इतका वेळ गुडघे जुळवून गप्प बसलेला वरद म्हणाला,

"मम्मी, मला पण आलीये."

रिक्षा जागच्या जागी थांबली.

"आधी त्याला उतरवा!" रिक्षावाला म्हणाला.