मळ्याची लाईन

मळ्याच्या लाईनीवर फांदी पडली, की गावातलीही वीज जायची. भामाबाईंच्या संकलन केंद्रात दूध गार ठेवायची टाकी बंद पडायची आणि बोलणी मात्र त्यांच्या भाचीला बसायची. भाची यशोधरा वीज कंपनीच्या चाचणी विभागात इंजिनिअर होती. म्हणजे आत्याच्या लेखी साऱ्या मुलखाची वीज तिच्याच मुठीत.

शेवटी एका रविवारी यशोधरा लॅपटॉप घेऊनच नेवाशाजवळच्या त्या गावी आली. तिथलं उपकेंद्र तिनं संगणकात जसंच्या तसं उभं केलं होतं. एक मुख्य लाईन, तिच्यातून निघालेल्या दोन, गावठाणाची आणि मळ्याची, आणि प्रत्येकीवर एकेक रिले.

"रिले म्हंजी?" भामाबाईंनी विचारलं.

"राखणदार. बिघाड दिसला की आपली लाईन तोडायची, एवढंच त्याचं काम. घे, मळ्यावर फांदी पाड. हे बटण."

भामाबाईंनी पदराला हात पुसून बटण दाबलं. पडद्यावर मळ्याची रेघ लाल झाली आणि पाठोपाठ सगळ्याच रेघा काळ्या पडल्या.

"अगं बया! माझी टाकी गेली की!"

"तेच तर. मळ्याचा राखणदार उठायच्या आतच मुख्य राखणदार घाई करतोय." यशोधरानं मुख्य रिलेला जरा जास्त थांबायला लावलं. "आता पाड."

या खेपेला मळा तेवढा काळा झाला. गावठाण हिरवंगार! मग काय, भामाबाईंनी फांद्या पाडल्या, तारा तोडल्या, वीज कोसळवली. चहा उतू गेला तरी बाई उठेनात.

चाचणी विभागातले तिचे वरिष्ठ कल्याणसाहेब मात्र असे सहजी खूश होणारे नव्हते. "थांबवणं सोपं आहे हो. पण उपकेंद्रातच बिघाड झाला आणि मुख्य रिले थांबूनच राहिला, तर ट्रान्सफॉर्मर जळेल. मग?"

यशोधरा वरमली. तो बिघाड तिनं करून पाहिलाच नव्हता. ती पुन्हा बसली, तोही करून पाहिला आणि थांबायचा वेळ बेताचा केला. मग दोघांनी उपकेंद्रात जाऊन खऱ्या रिलेला तोच वेळ लावला आणि चाचणी यंत्रानं मळ्यावर फांदी पडल्यासारखा प्रवाह सोडला. मळ्याचा रिले टक्कन बोलला, मुख्य गप्प राहिला. "जमलं," साहेब म्हणाले आणि परतताना त्यांनी स्वतःहून भेळ खाऊ घातली.

पुढं एकदा यशोधरा आत्याकडं आली असताना वावटळ सुटली. मळ्याकडं कुठंतरी काडकन आवाज झाला. दोघी टाकीकडं बघत राहिल्या. टाकी आपली घुमतच होती. भामाबाईंनी भाचीला मिठीच मारली.

अर्ध्या तासानं मळ्यातले भागवतराव तणतणत आले. "आक्का, तुमच्याकडं लाईट हाय? आन् आमच्याच मळ्यात न्हाई? आधी जायची तर समद्यांची जायची! ह्यो कुठला न्याय?"

"काका, बिघाड मळ्यातच आहे हे आता लगेच कळतं," यशोधरा म्हणाली. "वायरमन सरळ तिकडंच गेलाय."

"लई शिकली तुमची भाची," म्हणत भागवतराव रागानंच बाकावर टेकले. भामाबाईंनी त्यांच्या हातात गारेगार ताकाचा पेला दिला. तो अर्धा झाला नाही तोच घरून फोन आला.

"आली म्हनं," ते ओशाळून म्हणाले आणि त्यांनी पेला पुन्हा पुढं केला.