मामाची साक्ष

आमची तारीख उघडली तेव्हा मी हंसीच्या डब्यात पुलिहोरा, म्हणजे आमचा चिंचेचा भात, भरत होते. फणींनी, माझ्या नवऱ्याने, फोन माझ्यासमोर धरला. लग्नाच्याही आधी त्यांच्या कंपनीने ग्रीन कार्डाच्या रांगेत त्यांचा नंबर लावला होता. भारतात जन्मलेल्यांची ती रांग मुंगीच्या पावलाने सरकते, आणि कधी कधी चक्क मागे जाते. आता रांग आमच्या तारखेपर्यंत आली होती, दार उघडलं होतं. या महिन्यात तिघांचे अर्ज आत टाकायचे. पुढच्या महिन्यात ते उघडं राहील की नाही, कुणी सांगत नाही.

मला घोर लेकीचा, हंसीचा होता. नऊ वर्षांची आहे, पण जन्म गुंटूरचा. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं म्हणून सातव्या महिन्यात मी विमानात बसले होते. एकवीस पूर्ण झाली की मुलं आईबापाच्या अर्जातून गळतात. अर्ज वेळेत आत गेला, तर मात्र त्यांचं वय तिथेच थांबलं असं धरतात. वरच्या मजल्यावरच्या नीरजाक्कांचा मुलगा दुसरीपासून इथे टेक्सासात शिकला आणि एकविसाव्या वाढदिवशी परदेशी विद्यार्थी झाला. केक कापताना सगळे टाळ्या वाजवत होते. टाळ्या न वाजवणारे हात एकट्या नीरजाक्कांचे होते.

तिघांचे अर्ज एकाच पाकिटात जाणार होते; वकीलबाईंनी त्यात लावायला माझा जन्मदाखला मागितला. तो नव्हताच. माझीही आई रीतीप्रमाणे माहेरी गेली होती. मामाच्या घरी, मागच्या खोलीत, सुईणीच्या हातून मी जन्मले आणि नोंद करायचं कुणाला सुचलं नाही. नोंद नसली तर जन्म माहीत असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं लागतात. एक नान्नांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. आई आता नाही. उरला मामा, आणि मामा माझ्या लग्नापासून आमच्याशी बोलत नव्हता. मी त्याच्या मुलाला, मुरळीला, लग्नासाठी नकार दिला म्हणून, असं सगळे म्हणत.

शनिवारी सकाळी मी फोन लावला.

"मामा, मी सिंधू."

"कोण सिंधू?"

"तुमच्या मागच्या खोलीत जन्मलेली."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. "हां. काम पडलं वाटतं."

मी काम सांगितलं. मामा हसला. "अमेरिकेचं सरकार माझा शब्द मानतं? तुझ्या बापाने कधी मानला नाही तो."

"मामा, मुरळीचं मनात धरून—"

"मुरळीचं काय? त्याला तुझ्यापेक्षा चांगली बायको मिळाली. स्वयंपाक येतो तिला."

"अहो, काय बोलता पोरीला!" मागून मामी ओरडली.

"खरं तेच बोलतो. ऐक गं. आपल्यात नवरीला बुट्टीत बसवून मांडवात कोण नेतं? मामा. तुझ्यासाठी मी बुरुडाकडून बुट्टी विणून घेतली होती. आणि तुझ्या बापाने मला पत्रिका पोस्टाने पाठवली. विजेच्या बिलासारखी! ना कुंकू, ना अक्षता. ती बुट्टी माळ्यावर आहे. तुझी मामी त्यात चिंच ठेवते."

फोन बंद.

"राहू दे," फणी म्हणाले. "शाळेच्या दाखल्यावर कधी कधी भागतं म्हणे."

"कधी कधीच्या भरवशावर मी हंसीला सोडणार नाही."

मी लगेच नान्नांना फोन लावला. "माझ्या लग्नाची पत्रिका उरलीय का घरात?"

"ट्रंकेत असेल. का गं?"

"ती घ्या, कुंकू-अक्षता घ्या, नारळ घ्या आणि मामाकडे आमंत्रण द्यायला जा."

"डोकं फिरलं का तुझं? अकरा वर्षं झाली लग्नाला!"

"म्हणून तर घाई आहे."

"मी त्याची पायरी चढणार नाही. त्यापेक्षा शेजारच्या सुब्बारावांना नेतो. माणूस वयस्कर आहे, सहीसुद्धा झोकदार करतो."

"मी जन्मले तेव्हा सुब्बाराव कुठे होते?"

"विजयवाड्याला असतील. तिथे कोण विचारतंय?"

"कुणी विचारलं तर तिघांनाही कायमचं दार बंद. नान्ना, तुम्ही रीत आहे म्हणालात, म्हणून मी बाळंतपणाला आले. इथेच राहिले असते तर हंसी जन्मानेच इथली झाली असती, ही धावपळ तिच्या वाट्याला आली नसती. मी रीत पाळली. तुमची एक राहिलीय, ती तुम्ही पाळा."

पूर्वी इतकं बोलल्यावर मीच घाबरून विषय बदलायची; आज बदलला नाही. पलीकडे ट्रंकेची कडी वाजली.

"नारळ एक नेऊ की दोन?" त्यांनी विचारलं.

पुढचं मामीने सांगितलं. नान्ना दारात उभे राहिले. मामाने पत्रिका हातात घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. "मुहूर्त टळलेला दिसतो," म्हणाला, आणि कुंकवासाठी कपाळ पुढे केलं. जेवताना दोघं पानातली गोंगुरा, म्हणजे अंबाडीची चटणी, सोडून कशाबद्दलही बोलले नाहीत. मुरळीने गाडी काढली आणि दोघांना नोटरीकडे नेलं. येताना मात्र जोरात वाद सुरू होता, सुईणीला बोलवायला त्या दिवशी सायकलवरून कोण गेलं होतं याचा.

कागद आले, तेव्हा महिना संपत आला होता. वकीलबाईंचा फोन आला.

"तुमच्या मामांनी आमच्या मसुद्यात स्वतःचं एक वाक्य घातलंय. 'सुईणीने बाहेर येऊन मुलगी झाल्याचं पहिल्यांदा मला सांगितलं. मुलीच्या बापाला मी सांगितलं.' याची गरज नाही. काढून पुन्हा सही मागवायची का?"

"त्याने काही बिघडतं का?"

"बिघडत नाही. पण जरा... घरगुती वाटतं."

"मग राहू द्या. आहे तसं पाठवा, आणि आजच पाठवा."

संध्याकाळी पाकीट निघाल्याचा निरोप आला. मी मामीला फोन करून सांगितलं, चिंच बरणीत काढा आणि बुट्टी उन्हात ठेवा, हंसीच्या लग्नात लागेल.