‘आपण’ म्हणजे कोण?

चिऊ तेरा वर्षांची. जन्मापासून एक शब्द बोलली नव्हती, तरी घरात तिचं नाव चिऊच. मायेचं असं असतं. बोलायचं ते डोळ्यांनी, चित्रांच्या बोर्डाकडे बघून. पण हल्ली ती बोर्डाकडे ढुंकूनही पाहत नव्हती. आणि आज तिचं स्वतःचं काही म्हणणं दिसलं नाही, तर शाळेच्या बाई तिला पुढच्या वर्गात घेणार नव्हत्या. वर्गात तिच्या वतीनं सगळी उत्तरं शेजारी बसलेली आईच देते, ही त्यांची तक्रार.

खोलीत चिऊभोवती आई, बाई, फिजिओ आणि तिला बोलतं करणारी वाचातज्ज्ञ असे सगळे जमले होते. बोर्ड तिनं जिवाचं रान करून बनवला होता.

"आपल्याला तहान लागलीय का?" तिनं लाडानं विचारलं. चिऊनं खिडकीकडे पाहिलं.

"मान कलतेय तिची," फिजिओ म्हणाला आणि त्यानं खुर्चीची उशी सरकवली. "चला, आपण मान वर करूया!"

"तुमची तर वरच आहे," बाई म्हणाल्या.

चिऊ खुदकन हसली. वाचातज्ज्ञ मात्र चपापली. आपल्याला भूक, आपल्याला शू, आपण झोपूया! एवढ्या मोठ्या पोरीशी सगळेच असं बोबडं बोलत आले होते, आणि तिनं डोळे झाकून तेच बोर्डावर चिकटवलं होतं. अख्ख्या बोर्डावर ‘मी’ कुठंच नव्हता. तिला स्वतःचाच राग आला. तिनं ‘आपण’वाली सगळी चित्रं टराटरा उपटली.

"‘मी’ उजवीकडे वर लाव, तिथं तिची नजर सहज जाते," फिजिओ म्हणाला.

"आणि ‘नाही’ चांगलं मोठं लिहा," बाई म्हणाल्या.

दोन्ही शब्द लागले आणि आता मधे कुणी बोलायचं नाही, असं ठरलं. बाईंना ते फार जड गेलं.

चिऊची नजर सावकाश फिरली. मी. शाळा.

"बघा!" आई उसळली. "आपण जाणार शाळेत!"

नजर पुन्हा बोर्डावर आली. आई. नाही.

बाई हसल्या. "हे काही आईनं पढवलेलं नाही! घेतली वर्गात."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आवरेना. "बरं बाई," ती म्हणाली, "मी आपली बाहेर फाटकाशी बसेन."

चिऊनं पुन्हा ‘नाही’कडे पाहिलं.