सादड्यावरचे फोन

आमच्या गावात फोन खिशात नसतात, झाडावर असतात. सुरगाण्याच्या डोंगरात रेंज मिळते ती फक्त टेकाडावरच्या सादड्याच्या झाडाखाली. म्हणून लोक सकाळी शेतावर जाताना आपापला फोन पिशवीत घालून त्याच्या फांदीला टांगतात आणि संध्याकाळी उतरवतात. मी इथल्या शाळेचा मास्तर, मूळचा दिंडोरीकडचा. पहिल्या आठवड्यात पोट धरून हसलो होतो. आता रोज मधल्या सुट्टीत शाळेची माहिती पाठवायला मीही तंगडतोड करत तिथे चढतो.

झाडाखाली लंकाबाई शेळ्या चारते. तिला स्वतःचा फोन नाही, पण गावातला प्रत्येक फोन तीच उचलते. "निरोप सांगा, देते मी," एवढंच तिचं वाक्य, आणि निरोप संध्याकाळपर्यंत बिनचूक पोचतो. वाटेत तो दहा जणांना कळतो, ते वेगळं.

शेजारची साधना नाशिकला नर्सिंग शिकून आली होती. तिने तीन ठिकाणचे नकार पचवल्यावर शहरातल्या एका दवाखान्याने तिला व्हिडिओवर मुलाखतीची वेळ दिली, दुपारी दोनची. हीही नोकरी हुकली, तर घरच्यांबरोबर द्राक्षाच्या कामाला जायचं ठरलेलं होतं. तिने लंकाबाईला बजावलं, "मावशी, आज माझा फोन उचलू नको. दीडला मी साडी नेसून येते." आणि तोवर घरच्यांना हातभार म्हणून भाताच्या कापणीला गेली.

फोन वाजला साडेबाराला, मी नुकताच वर पोचलो होतो तेव्हा. लंकाबाईने दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा तिला राहवलं नाही. उचलला आणि सवयीने कानाला लावला.

"बाई, आम्हाला तुमचा कान दिसतोय," पलीकडून एक मॅडम म्हणाल्या. आवाज एवढा मोठा, की मलाही स्वच्छ ऐकू आला.

"मग ऐकू येतंय ना?" लंकाबाई म्हणाली. "निरोप सांगा, देते मी."

"साधनाची दोनची मुलाखत आम्ही आत्ताच उरकणार होतो. नसेल तर राहू द्या, बाकीच्या मुली आहेत."

"राहू कशाला? बोलावते की." आणि फोन तसाच धरून तिने खाली शेताकडे अशी हाक मारली, की शेळ्याही बिचकल्या. "येतेय ती. चढ हाय, जरा येळ लागल. तवर मला इचारा."

माझं डोकंच फिरलं. पोरीची नोकरी ही बाई घालवणार. मी फोनसाठी हात पुढे केला, तिने तो झटकून टाकला.

मॅडम हसल्या. "बरं, तिला काय येतं, ते तुम्हीच सांगा."

"गेल्या साली माझ्या पायावर कुऱ्हाड बसली. हिनं पट्टी बांधली अन् जीपमधी पाय मांडीवर घेऊन बसली. मी डोळं मिटलं की रागं भरायची. म्हणून मी हाय आज. थांबा, दाखवते." तिने फोन कानावरून काढला आणि थेट नडगीवरच्या व्रणासमोर धरला.

तेवढ्यात साधना धापा टाकत वर आली. केसात भाताच्या काड्या, हातात विळा. फोनसमोर मावशीचा पाय पाहून तिला रडूच कोसळणार होतं.

मॅडमनी विचारलं, "साधना, पट्टी बांधल्यावर जीपमध्ये काय बघत होतीस?"

तिने श्वास आवरला. "बोटं गार पडतायत का, नखं निळी होतायत का, आणि मावशी बोलतेय का."

"बोलत होत्या?"

"ती गप्प कधी बसते?"

पलीकडे हशा पिकला. "सोमवारी कामावर ये. विळा मात्र घरी ठेव."

दीड महिन्याने जीपवाल्याने एक खोकं आणून दिलं. आत नवा फोन आणि टांगायला लाल पिशवी. मी तो सुरू करून सादड्याला लावतो न लावतो, तोच वाजला. लंकाबाईने उचलून कानाला लावला.

"निरोप सांगा, देते मी. कोनासाठी हाय?"

"मावशी, तुझ्यासाठीच. फोनही तुझाच."

लंकाबाई खाली बसली. तिच्या तोंडून शब्द फुटेना. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

"मावशी, गप्प नको बसू," साधना तिकडून रागं भरत होती. "बोल बघू काहीतरी."