हुरड्याला तिघं

सरजाबाईनं गोवऱ्यांची आगटी फुंकली आणि बांधावर उभ्या असलेल्या सिस्टर शिवकांताला बजावलं, "दाबाचं मशीन पिशवीत ठेव. बाकीचे दोघं आल्याबिगर मी दंड पुढं करत न्हाई."

"आजी, मला अजून घरं करायचीत."

"कर की. जा."

शिवकांता गेली नाही. मुरुडच्या शिवारात म्हातारीचा हट्ट सगळ्यांना ठाऊक होता. एकदा ती रुसली, तर तिच्या शेतातलं बुजगावणंसुद्धा म्हणे आठवडाभर पाठ फिरवून उभं होतं.

दिवाळीआधी सरजाबाईच्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून दवाखान्यातून शिवकांता गोळ्या घेऊन येई, वीरेश व्यायाम करून घ्यायला येई, आणि एका संस्थेची ऋतुजा बाकीचं सगळं विचारायला. तिघांचे वार वेगळे, तिघांचं सांगणं वेगळं. या येण्याजाण्यात म्हातारी दोनदा पडली. आता सोमवारी मुलगा आनंदराज तिला लातूरच्या वृद्धाश्रमात नेणार होता. तसं सुचवलं होतं ऋतुजानंच.

म्हणून हा हुरडा. तो डब्यात घालून नेण्यात मजा नाही. आगटीभोवती बसून, तळहात पोळून घेत गरम गरमच खावा लागतो. सरजाबाईनं तिघांना एकच वेळ दिली होती. येईपर्यंत प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच पाव्हणे.

वीरेश आला, मागोमाग ऋतुजा. कणसं चोळून चोळून तिघांचे हात काळे झाले. मोबाईल वाजले तरी कोणाला उचलता येईनात.

"चटणीत मीठ लई झालंय, आजी," शिवकांता म्हणाली.

"मग काढ येचून. आन् आता येकमेकाशी बोला. माझ्याशी लई बोलून झालं."

आगटीत कणसं तडतडत राहिली. मग वीरेशच म्हणाला, "सकाळी उभं केलं की आजींना गरगरतं."

शिवकांताचा तळहात थांबला. "सकाळीच तर दाबाची गोळी असते त्यांची. आधी का नाही बोललात?"

"मला वाटलं, ते तुमचं काम."

"मलाही सांगितलं होतं त्यांनी," ऋतुजा खाली बघत म्हणाली. "मला वाटलं, एकटेपणानं होत असेल."

सरजाबाईनं राख झटकली. "म्हंजे मी ठेच लागून न्हाई पडले. तुमच्या तिघांच्या मधी पडले."

शिवकांतानं गोळीचं आजच डॉक्टरांना विचारायचं ठरवलं. तोवर व्यायाम बसूनच, वीरेश म्हणाला. ऋतुजानं ओढणीला हात पुसले आणि आनंदराजला फोन लावला.

"सोमवारी येऊ नका न्यायला. नाही, चूक आजींची नव्हती. आधी आम्हाला बघू द्या."

"सांग त्याला, गाडी आनली तर चाकातली हवा सोडीन!"

एवढं बोलून म्हातारी काठी टेकत उठली. तिघंही ताडकन उभे राहिले.

"बसा. त्या काळ्या हातानं माझं लुगडं धराल तर बघा."

ती उभ्या ज्वारीकडं निघाली. सरीत पाय वाकडा पडला, काठी निसटली. वीरेश पुढं झेपावला, पण शिवकांतानं त्याची बाही धरली. सरजाबाईनं हाताला लागलं ते ज्वारीचं ताट पकडलं. ताट वाकलं. ती सावरून उभी राहिली, त्याच ताटाचं कणीस कडकन मोडलं, मागं न बघता आगटीकडं फेकलं आणि पुढच्या ओळीत शिरली.