झेंडूच्या टोपलीत दडवलेला पंप

मित्रांनो, मी एक जुना निळा पंप आहे. विहिरीवरचा नव्हे, दम्याचा. माझ्यातलं औषध कधीच संपलं. लाज तेवढी उरली आहे.

नाशिकबाहेर कोंडाजींचा फुलांचा मळा होता. त्यांनी मला शहरातून आणलं ते लेकीसाठी, शुभांगीसाठी. साल असेल अठ्ठ्याण्णव. तिच्या मुठीत राहून मी श्वासाची वाट शिकलो. बरगड्यांच्या तळाशी एक पडदा असतो. पडदा खाली, वारा आत. पडदा वर, वारा बाहेर. आत वाऱ्याच्या नळ्या झाडासारख्या फुटत जातात आणि टोकाला द्राक्षाच्या घडासारख्या इवल्या पिशव्या लगडतात. शुभांगीच्या नळ्या धुराने आवळायच्या. मग आत गेलेला वारा बाहेर पडताना शिट्टी वाजवायचा. मी त्या नळ्या सैल करायचो. केवढा तोरा होता मला!

एकदा सायखेड्याहून पाहुणे आले, तिला बघायला. तिची आई सिंधुबाई कुजबुजली, "हा पंप दिसला ना, तर सोयरीक मोडलीच समज!" घाईत माझं टोपण चुलीपाशीच राहिलं आणि मला बैठकीच्या कोपऱ्यातल्या झेंडूच्या ओल्या टोपलीत खुपसलं.

बैठकीत मूठभर उदबत्त्या पेटवलेल्या. शुभांगी नाव सांगता सांगताच थांबली. छातीत शिट्टी वाजू लागली, ओठ पांढरे पडले.

"पोर अशी का करती हो?" मुलाच्या आईने, कुसाबाईंनी विचारलं.

"काय नाय, जराशी सर्दी हाय," कोंडाजी हसत म्हणाले.

लेक गुदमरत होती आणि बाप हसत होता! मी जवळ असून फुलांखाली पडलेलो. शेवटी सिंधुबाईनेच धावत येऊन टोपली उपडी केली. पण माझ्या तोंडात पाकळी अडकलेली! तिने मला उलटं धरून हातावर आपटलं, जोराने फुंकर मारली. पाकळी उडाली ती थेट कुसाबाईंच्या पदरावर.

"सर्दीला झेंडू लागतो व्हय तुमच्यात?" त्या म्हणाल्या.

औषध आत गेलं. हळूहळू शिट्टी विरली. आवाज फुटताच शुभांगी पहिलं वाक्य बोलली, "आप्पा, सर्दी नाय ही. दमा हाय मला."

कोंडाजींची मान वर झाली नाही. "कळवतो," म्हणून पाहुणे गेले. त्यांनी कधी कळवलं नाही.

मित्रांनो, कुणाच्या घरी माझ्यासारखा पंप असेल, तर त्याला टोपण लावा आणि हाताशी ठेवा, चारचौघांत ठेवा. दम्याची कसली लाज? लाज वाटू द्या ती लेकीचा श्वास अडलेला असताना हसण्याची.